कुत्रा आधी कुणाचं ऐकत होता?

दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरून आजोबांचा चावीचा ग्रामोफोन खाली काढला. चावी फिरवली तर नुसती गरागरा फिरली, तबकडी ढिम्म. घरचे भंगारात द्यायला निघाले होते, म्हणून तो सरळ हॉस्टेलवर घेऊन आलो. रूम पार्टनरने डोक्याला हात लावला. झाकणाच्या आतल्या बाजूला कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला एचएमव्हीचा कुत्रा होता.

हे चित्र फ्रान्सिस बॅरो या इंग्लिश चित्रकाराचं, हे शोधताना कळलं. गंमत अशी की मूळ चित्रात कुत्र्यासमोर ग्रामोफोन नव्हताच. होता तो एडिसनच्या पद्धतीचा, मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ. फोनोग्राफवाल्यांनी चित्र नाकारलं. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते घेतलं, पण आमचं मशीन काढून द्या या अटीवर. बॅरोने जुन्या यंत्रावर नवीन रंगवलं. म्हणजे माझ्या झाकणावरचा कुत्रा आधी एडिसनचं ऐकत होता!

एडिसन म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो, फार तर टेस्लाशी भांडण. (टेस्लाभक्तांनी पुढचं पान उलटायला हरकत नाही.) पण या माणसाला स्वतःला सगळ्यात लाडका शोध होता फोनोग्राफ. आणि तो जवळजवळ बहिरा होता. हे दोन्ही एकत्र वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवूच शकलो नाही.

जन्म ११ फेब्रुवारी १८४७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं मायलन गाव. शाळा जेमतेम काही महिने, पुढचं सगळं आईने घरी शिकवलं. बाराव्या वर्षी रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. ऐकू येणं लहानपणीच कमी झालं. का, याबद्दल तो स्वतःच निरनिराळ्या गोष्टी सांगायचा. बारा वर्षांचा झाल्यापासून पक्ष्याचा आवाज ऐकला नाही, असं मात्र त्याने लिहून ठेवलंय. पुढे तो तार ऑपरेटर झाला. तारेची कडकट्ट त्याला नीट कळायची, बाकीचा गोंगाट आपोआप बंद! पहिल्या दोन पोरांना त्याने टोपणनावं ठेवली डॉट आणि डॅश. पहिली बायको १८८४ मध्ये वारली. दुसरीला, मिनाला, त्याने मोर्स शिकवला आणि लग्नाची मागणी तिच्या तळहातावर टकटक करून घातली.

फोनोग्राफही तारेतूनच निघाला. १८७७ मध्ये मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत तो तारेचे ठिपके-रेघा कागदावर उठवून पुन्हा पाठवायच्या यंत्रावर काम करत होता. कागद जोरात फिरवला की उठावांवरून सुई घासून बोलल्यासारखी गुणगुण यायची. मग टेलिफोनचा पडदा, त्याला सुई आणि समोर फिरणारं काहीतरी, एवढं डोक्यात जुळलं. जॉन क्रूझी या त्याच्या स्विस कारागिराने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पितळी सिलिंडर बनवला, त्यावर आट्यांसारखी खाच, वर कथलाचा पातळ पत्रा. एडिसनने त्यात लहान मुलांचं एक बडबडगीत म्हटलं, सुई मागे आणली, दांडा फिरवला. यंत्र बोललं. इतर शोध कितीदा तरी आपटावे लागले, हा मात्र पहिल्या फटक्यात चालला, त्यामुळे तोच दचकला म्हणतात. एप्रिल १८७८ मध्ये यंत्र थेट व्हाइट हाउसमध्ये, राष्ट्राध्यक्ष हेज यांच्यापुढे.

आता इथे मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्या. तो दांडा हाताने फिरवायचा होता. हात हळू झाला की आवाज जाड, जोरात झाला की चिरका. माझ्या ग्रामोफोनमध्ये यावर जो इलाज आहे तो मी हाताने उघडून पाहिला. खाली एका पत्र्याच्या डब्यात गुंडाळलेली लांबलचक स्प्रिंग असते. तिचं बाहेरचं टोक तुटलं होतं, म्हणून चावी मोकळी फिरत होती. वर्कशॉपच्या मामांनी डबा उघडू देण्याआधी चांगला दम भरला, कारण स्प्रिंग सुटली तर बोटं कापते. हातमोजे घालून, फडक्यात धरून ती वेटोळं वेटोळं करत काढली. आतलं ग्रीस डांबरासारखं झालं होतं, ते रॉकेलने धुतलं. टोक लाल करून सावकाश निवू दिलं, मग नवीन भोक पाडलं. ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा भरली. त्यात दोन रविवार गेले.

पण खरा जीव गव्हर्नरमध्ये. छोट्या दांड्यावर पातळ पट्ट्यांना लावलेली तीन वजनं. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, चकती सरकते आणि नमद्याच्या तुकड्यावर घासते. थिअरी ऑफ मशीन्सला मी जे घोकलं होतं ते माझ्या टेबलावर फिरत होतं! ओरलमध्ये हे कुणी विचारलं नाही, ते जाऊ दे.

एडिसनकडे ही सोय यायला १८९० चं दशक उजाडलं, कारण मधली दहा वर्षं त्याने फोनोग्राफ कपाटात टाकला आणि बल्बच्या मागे लागला. तेवढ्यात बेल आणि टेंटर यांनी कथलाऐवजी मेण आणलं, १८८६ मध्ये पेटंटही घेतलं आणि एकत्र काम करू म्हणून त्याच्याकडे आले. त्याने हाकलून दिलं. इरेला पेटून १८८८ च्या जूनमध्ये रात्री जागून स्वतःचं मेणाचं यंत्र काढलं. त्यानंतरचा फोटो पाहा, सबमिशनच्या आदल्या रात्री आपण दिसतो तसाच दिसतो. १८९० मध्ये बोलणारी बाहुली काढली, ती काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली. त्यातही दांडा हातानेच फिरवायचा होता, तोही लहान मुलांनी.

माझ्या मते त्याची खरी चूक पुढची. बर्लिनरने सपाट तबकडी आणली. एडिसन नळकांडं सोडेना. इंजिनिअर म्हणून तो बरोबर होता, नळकांड्यावर सुईखालचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो, तबकडीवर आत जाताना कमी होतो. पण तबकडीचे ठसे भराभर मारता येतात, आणि ती पुस्तकासारखी उभी ठेवता येते. लोकांनी तबकडी घेतली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात येऊन गौहरजानचं गाणं घेऊन गेला, तेही तबकडीवरच. एडिसनने स्वतःची तबकडी काढली १९१२ मध्ये, हिऱ्याच्या सुईची. आवाज उत्तम, पण ती इतरांच्या यंत्रावर धड वाजत नव्हती.

आणि गाणी कोण निवडणार? हा बहिरा माणूस स्वतः! कंपनीच्या गायकांच्या चाचण्या तो ऐकायचा आणि स्वर थरथरला की नापास करायचा. रॅखमानिनॉव्हसारखा पियानोवादक १९१९ मध्ये त्याच्याकडे वाजवून गेला आणि १९२० मध्ये स्पर्धक व्हिक्टर कंपनीकडे निघून गेला. ऑक्टोबर १९२९ मध्ये एडिसनच्या कंपनीने रेकॉर्ड काढणं बंद केलं. त्या वेळेपर्यंत खेड्यापाड्यातल्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी नळकांडी निघत होती, हे वाचून मला त्याचा राग येईना. १८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला, वय ८४.

पण तो ऐकायचा कसा? फोनोग्राफच्या किंवा पियानोच्या लाकडात दात रोवून. आवाज दातांतून, कवटीच्या हाडांतून आत जायचा.

माझं मशीन फेब्रुवारीत सुरू झालं. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून पार्टनरने मोबाइल लावून फेरे मोजले, मिनिटाला ७१ भरले. गव्हर्नरचा स्क्रू थोडा थोडा फिरवत ७८ वर आणले. आजोबांची एक नाट्यगीताची रेकॉर्ड लावली, अर्धी विंग दारात जमली. सगळे गेल्यावर मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि पेटीच्या कडेला दात लावले. जुन्या पॉलिशची कडू चव आली. तबला आधी आला, बारीक, पण स्पष्ट, कपाळाच्या मागे कुठेतरी. मग गायकाचा आवाज. पार्टनर तेवढ्यात पाण्याची बाटली भरून परत आला आणि दारातच उभा राहिला.