जुलै महिन्याचा मानकरी : ज्युलियस सीझर

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या नावांत सात, आठ, नऊ, दहा हे लॅटिन अंक दडलेले आहेत. आपल्या सप्त, अष्ट, नव, दश या संस्कृत शब्दांचे ते सख्खे भाऊबंद. मग सप्टेंबर नववा आणि डिसेंबर बारावा कसा? रोमन वर्षाचा प्रारंभ मूळचा मार्चमध्ये होता. जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने नुमा राजाने जोडले, अशी परंपरा सांगते. इ.स.पू. १५३ पासून कॉन्सल १ जानेवारीला पदग्रहण करू लागले आणि वर्षारंभ तेथे स्थिरावला. नावे मात्र जुन्याच क्रमाची राहिली. मार्चपासून पाचवा तो क्विंटिलिस, सहावा तो सेक्स्टिलिस. इ.स.पू. १०० मध्ये, याच क्विंटिलिस महिन्यात, गायस ज्युलियस सीझरचा जन्म झाला.

डोईजड कर्ज काढून लढविलेल्या निवडणुकीत सीझर इ.स.पू. ६३ मध्ये रोमचा मुख्य पुरोहित झाला. या पदाचे महत्त्व निव्वळ धार्मिक नव्हते. रोमन वर्ष ३५५ दिवसांचे होते आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी अधूनमधून अधिक मास घालावा लागे. आपला अधिक मास गणिताने येतो. रोममध्ये तो पुरोहितांच्या मर्जीने येई. मित्राच्या पदाची मुदत वाढवायची असेल तर महिना घालावा, विरोधकाची वाढू द्यायची नसेल तर टाळावा, असा हा कारभार होता.

गंमत अशी की, सीझरच्या कारकिर्दीतच हा घोळ शिगेला पोहोचला. इ.स.पू. ५८ पासून तो गॉलच्या मोहिमेत गुंतला, नंतर यादवी युद्धात. या काळात अधिक मास क्वचितच घातला गेला. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत त्याने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली, तेव्हा ऋतुमानाने हिवाळ्याला पुरती सुरुवातही झालेली नव्हती.

पुढे अलेक्झांड्रियाचा ज्योतिषी सोसिजेनिस याच्या सल्ल्याने त्याने सूर्यगतीवर आधारलेले वर्ष स्वीकारले. साचलेली तूट भरून काढण्यासाठी इ.स.पू. ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे करावे लागले. पुढील १ जानेवारीपासून ३६५ दिवसांचे वर्ष आणि दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस, ही पद्धत सुरू झाली. हे नवे कॅलेंडर सीझरला जेमतेम सव्वा वर्ष वापरता आले. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सिनेटच्या सभेत त्याचा खून झाला.

त्याच वर्षी कॉन्सल मार्क अँटनीच्या कायद्याने क्विंटिलिसला ज्युलियसचे नाव मिळाले. खुनाच्या कटातील ब्रुटसला त्या उन्हाळ्यात आपल्याच नावे होणाऱ्या खेळांची तारीख जुलै या नावाने जाहीर झालेली पाहावी लागली आणि त्याचा संताप अनावर झाला.

पुरोहितांनी मात्र पुन्हा घोटाळा केलाच. चौथ्या वर्षाऐवजी ते तिसऱ्याच वर्षी जादा दिवस धरू लागले. ती चूक ऑगस्टसने निस्तरली आणि इ.स.पू. ८ मध्ये सेक्स्टिलिसचा ऑगस्ट झाला. ऑगस्टसने जुलैशी बरोबरी साधण्यासाठी फेब्रुवारीचा एक दिवस पळविला, ही सर्वतोमुखी झालेली कथा खरी नाही. सेक्स्टिलिसला ३१ दिवस सीझरनेच दिले होते.