काउंट, चिट्टी आणि तेवीस लिटरचं इंजिन

आपल्या पार्किंगमधल्या साध्या बाइकचं इंजिन साधारण 100 सीसीचं असतं. अशा 230 बाइक्सची इंजिनं एकत्र केली तर जेवढी क्षमता होईल, तेवढं एकच इंजिन एका पठ्ठ्याने 1921 मध्ये कारच्या चेसिसवर चढवलं होतं. त्याचं नाव काउंट लुई झबोरोव्स्की.

लुईचा जन्म 20 फेब्रुवारी 1895 रोजी लंडनमध्ये झाला. वडील एलियट हे मूळचे अमेरिकेतले, आडनावापुरते पोलिश. ‘काउंट’ ही पदवी त्यांच्याकडे नेमकी कुठून आली याबद्दल जाणकारांना शंकाच आहे. पण पैसा मात्र अगदी खरा होता! आई न्यूयॉर्कच्या गडगंज अ‍ॅस्टर घराण्यातली, मॅनहॅटनमधल्या जमिनीजुमल्याची वारस.

वडिलांना रेसिंगचं वेड. 1903 मध्ये फ्रान्समध्ये नीसजवळ ला टुर्बी घाटातल्या चढणीच्या शर्यतीत त्यांची मर्सिडीज वळणावर आदळली आणि ते जागीच गेले. शर्टाच्या बाहीचं कफलिंक हँड थ्रॉटलमध्ये अडकलं म्हणून गाडी आवरली नाही, असं सांगतात. लुई तेव्हा आठ वर्षांचा होता. 1911 मध्ये आईही गेली. वयाच्या सोळाव्या वर्षी हा मुलगा जगातल्या सर्वात श्रीमंत पोरांपैकी एक झाला, आणि विचारणारं घरात कुणी उरलं नाही.

बापाचा जीव ज्याने घेतला, त्या खेळापासून मुलगा लांब राहील असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. इंग्लंडमध्ये कँटरबरीजवळ हायम पार्क नावाचा त्याचा वाडा होता. तिथे त्याने चक्क वर्कशॉप उभारलं. सोबतीला क्लाइव्ह गॅलप नावाचा हुशार इंजिनिअर. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, त्यामुळे विमानांची इंजिनं भंगाराच्या भावात मिळत होती. दोघांनी एक जर्मन मेबॅक इंजिन उचललं. सहा सिलिंडर, 23 लिटर, सुमारे 300 हॉर्सपॉवर! ते मर्सिडीजच्या जुन्या चेन-ड्राइव्ह चेसिसवर बसवलं आणि गाडीचं नाव ठेवलं ‘चिट्टी बँग बँग’. 1921 च्या ईस्टरला ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती पहिल्यांदा उतरली आणि त्याच दिवशी दोन शर्यती जिंकून गेली. पुढे बेंझचं 18.8 लिटरचं इंजिन लावून चिट्टी-2 तयार झाली. ती घेऊन साहेब 1922 मध्ये बायको आणि मित्रांसह थेट सहारा वाळवंटाच्या सफरीवर गेले.

इथपर्यंत सगळं सिनेमासारखं वाटतं. पण गंमत पुढे आहे. डिझाइनच्या लेक्चरला सर सांगतात ना, साखळीची ताकद तिच्या सर्वात कच्च्या कडीएवढीच, ते लुईच्या करिअरमध्ये पानोपानी दिसतं. इंजिन विमानाचं, पण टायर त्या काळातले कारचेच! 1922 मध्ये ब्रुकलँड्सला चिट्टीचा टायर फुटला आणि गाडी टायमिंगच्या केबिनवर जाऊन धडकली. लुईला खरचटलंही नाही, पण तिथल्या एका अधिकाऱ्याला हाताची बोटं गमवावी लागली. 1923 मध्ये इंडियानापोलिसला बुगाटी घेऊन गेला, तर कनेक्टिंग रॉडने दगा दिला. त्याच वर्षी स्पेनमध्ये सिजेसच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर त्याची अमेरिकन मिलर जिंकायच्या बेतात होती. शेवटच्या टप्प्यात टायर बदलायला थांबावं लागलं आणि सनबीमचा अल्बर्ट दिव्हो मिनिटभराच्याही कमी फरकाने पुढे निघून गेला.

पैसा मात्र त्याने नुसता उडवला नाही. अ‍ॅस्टन मार्टिन ही तेव्हा लायनेल मार्टिनची छोटीशी, कायम तंगीत असलेली कंपनी होती. तिला लुईने भांडवल दिलं, ग्रां प्री गाड्या बनवून घेतल्या आणि 1922 मध्ये स्ट्रासबर्गच्या फ्रेंच ग्रां प्रीत गॅलप आणि तो स्वतः त्या घेऊन उतरले. दोन्ही गाड्या बंद पडल्या, पण कंपनीचं नाव ग्रां प्रीच्या यादीत लागलं.

1924 मध्ये त्याला मर्सिडीजच्या टीममध्ये जागा मिळाली, म्हणजे वडील ज्या कंपनीच्या गाडीत गेले तीच. 19 ऑक्टोबरला इटलीत मोंझाला लेस्मोच्या वळणाजवळ त्याची गाडी झाडावर आदळली. शेजारी बसलेला मेकॅनिक वाचला, लुई गेला. वय 29. त्या दिवशी त्याने वडिलांचीच कफलिंक्स घातली होती असंही सांगतात. खरंखोटं कुणास ठाऊक! इंग्लंडमध्ये बर्टन लाझर्स या गावी आईवडिलांशेजारी त्याला पुरलं.

गोष्ट इथे संपत नाही. हायम पार्कमध्ये त्याची शेवटची राक्षसी गाडी उभी होती, 27 लिटरच्या लिबर्टी विमान-इंजिनाची. जे. जी. पॅरी-थॉमस या वेल्श इंजिनिअरने ती 125 पौंडांना घेतली, सुधारली, ‘बॅब्स’ असं नाव दिलं आणि 1926 मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी सुमारे 275 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी 3 मार्चला त्याच वाळूवर, त्याच गाडीत त्याचा मृत्यू झाला. लोकांनी बॅब्सला तिथेच पुरून टाकलं. तुटलेल्या ड्राइव्ह चेनने घात केला, असं सगळे धरून चालले होते. 1969 मध्ये इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या ओवेन विन ओवेन यांनी ती उकरून काढली आणि अनेक वर्षं खपून पुन्हा चालू केली. अवशेष तपासल्यावर त्या चेनच्या कथेवरच शंका उभी राहिली. फेल्युअर अ‍ॅनालिसिस म्हणतात ते हेच!

आणखी एक. लुईला छोट्या रेल्वेचंही वेड होतं. मरण्यापूर्वी त्याने हेन्री ग्रीनलीच्या डिझाइनची, 15 इंच गेजची दोन वाफेची इंजिनं ऑर्डर केली होती. ती त्याला बघायलाही मिळाली नाहीत. त्याचा मित्र कॅप्टन हाउई याने ती घेऊन 1927 मध्ये केंटच्या किनाऱ्यावर रोमनी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे सुरू केली. ती आजही प्रवासी नेते. आणि चिट्टीचं नाव इयान फ्लेमिंगने 1964 च्या मुलांच्या पुस्तकात घेतलं. 1968 मध्ये त्यावर सिनेमा निघाला.

लुईच्या नावावर मोठी ग्रां प्री एकही नाही. वाडवडिलांचा पैसा त्याने कमावला नव्हता, आणि जीव तर हकनाक गेला. पण त्याच्या पैशातून जे लोखंड घडलं, ते त्याच्यापेक्षा खूप जास्त जगलं. इंजिनिअरला याहून वेगळं स्मारक काय हवं?