शाह बुरुजावरची रात्र

बीदर म्हटले की मराठी माणसास दामाजीपंत आठवतात आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास महमूद गावान. मैलूरच्या शिकवणीनिमित्त बीदरला जाणे-येणे सुरू झाल्यापासून मला मात्र तिसऱ्याच एका पुरुषाची आठवण होते. तो म्हणजे सुलतान महमूदशहा बहामनी. याच्या कारकीर्दीत राज्याचे पाच तुकडे झाले, एवढ्या एका ओळीत शालेय पुस्तके त्याची बोळवण करतात. पण हा माणूस 1482 पासून 1518 पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, तख्तावर होता. पदरी फौज नाही, खजिना नाही आणि स्वतःचे असे एकही माणूस नाही, तरी तख्त गेले नाही. हे कसे?

त्याच्या बापाने, तिसऱ्या मुहंमदशहाने, 1481 साली एका बनावट पत्रावरून महमूद गावानाचा शिरच्छेद करविला आणि पुढल्याच वर्षी तो स्वतः मरण पावला. महमूद गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता. दरबारात दोन तट होते. एक दख्खनी आणि हबशी सरदारांचा, दुसरा इराण-तुराणातून आलेल्या आफाकींचा. कारभार दख्खनी मलिक हसन निजामुल्मुल्क याच्या हाती आला. हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असे सांगतात. कारभार आपला आणि शिक्का सुलतानाचा, अशी त्याची व्यवस्था होती. 1486 साली तो बीदरमध्येच मारला गेला, आणि त्यास तरुण सुलतानाची संमती होती.

दख्खनी सरदारांच्या मनात हे सलत राहिले. 1487 साली त्यांनी किल्ल्यातच उठावणी केली. पहारेकरी फितूर होते. दरवाजे आतून बंद करण्यात आले. सुलतान त्या वेळी रंगमहालात मौजेत दंग होता. बेत साधा होता: यास मारावे आणि राजघराण्यातला दुसरा कोणी गादीवर बसवावा. पाहा, गादी मोडण्याचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. जवळच्या मूठभर तुर्की सेवकांनी आपले देह मध्ये घातले, तेवढ्या अवकाशात महमूद शाह बुरुजावर चढला. सुलतान जिवंत आहे ही बातमी बाहेर फुटली, आणि त्या रात्रीचे पारडे तिने फिरविले. बाहेरचे आफाकी सरदार दोर लावून तटावर चढले आणि उजाडण्यापूर्वी कट मोडला. पुढे गोवळकोंड्यास राज्य स्थापणारा सुलतान कुली हा त्या रात्रीच्या रक्षकांपैकीच एक.

येथवर महमूदची बाजू घेण्यास मला संकोच वाटत नाही. सतरा-अठरा वर्षांचे पोर, पण बुरुजावर टिकून राहिले. मात्र सकाळ होताच त्याने दख्खनी आणि हबशी दिसेल तेथे कापावा, असा हुकूम सोडला. तीन दिवस शहरात कत्तल चालली. अखेर शाह निअमतुल्लाह किरमाणी यांच्या घराण्यातल्या एका सत्पुरुषाने रदबदली केली, तेव्हा ती थांबली. दोन तट एकमेकांस तोलून धरीत होते, तोवर मधल्या राजास किंमत होती. त्यातला एक तट त्याने स्वतःच्या हुकुमाने चिरडला आणि ज्यांनी वाचविले त्यांच्या मुठीत जाऊन बसला. माझ्या मते त्याचे राज्य रात्री गेले नाही, त्या सकाळी गेले.

पुढे शाह बुरुज शुभ मानून त्याने तेथे नवे महाल उठविले. दिल्ली, लाहोर, इराण, खुरासान येथून गवई, नर्तकी, कथेकरी बीदरला लोटले, असे फिरिश्ता लिहितो. माझे वडील दरबारी गवई होते. दरबारात काम कमी झाले की मैफली लांबतात, हे त्यांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकले आहे, म्हणून या ओळीपाशी मी थबकतो. गंमत अशी की, सुलतानास पुढे कैदेत ठेवणारा वजीर कासीम बरीद हाही सुंदर हस्ताक्षराचा आणि वाद्ये वाजविण्यात तरबेज होता. दोघांचे सूर खरोखर जमले असते तर किती बरे झाले असते!

1490 च्या सुमारास मलिक हसनचा मुलगा अहमद जुन्नरकडे स्वतंत्र झाला. विजापूर आणि वऱ्हाड यांनीही तीच वाट धरली. तरी ज्यास शेजाऱ्यावर स्वारी करावयाची असे, त्यास सुलतानाचे फर्मान लागे. पन्हाळा, दाभोळ, गोवे दाबून बसलेल्या बहादूर गिलाणीवर 1494 मध्ये स्वारी झाली ती महमूदच्याच नावाने, आणि त्यात बहादूर पडला. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने यवनराज्यस्थापनाचार्य हे बिरूद घेतले. बरीदाच्या हातून या सुलतानाची सुटका करून त्यास पुन्हा गादीवर बसविले, त्याचेच हे बिरूद, असे पुष्कळ इतिहासकार मानतात.

एकदा तो पळून वऱ्हाडच्या इमादुल्मुल्काकडे गेला. तो फौज घेऊन बीदरवर चालून आला. कासीम बरीदाच्या मागून कारभारी झालेला त्याचा मुलगा अमीर बरीद समोर उभा ठाकला. लढाईची वेळ झाली आणि सुलतान स्नानास बसलेला! बोलावू आलेल्या माणसाने काही टोचून म्हटले. महमूद रागावला, घोड्यावर बसला आणि सरळ अमीर बरीदाच्या बाजूस जाऊन मिळाला. फिरिश्त्याने सांगितलेली ही हकीकत वाचून हसू येते, पण आयुष्यभर ज्याच्यापाशी मानापलीकडे काही उरले नव्हते, त्याने तेवढा तरी का सोडावा?

1518 च्या डिसेंबरात तो वारला. अष्टूरला बहामनी राजांच्या रांगेत त्याचा मकबरा आहे आणि तो चांगला मोठा आहे. त्याच्यानंतरच्या सुलतानांच्या कबरी अगदीच लहान. शेवटचा सुलतान म्हणजे त्याचाच मुलगा कलीमुल्लाह. राज्य परत मिळवून द्यावे म्हणून त्याने बाबरास पत्र लिहिले. ते उपयोगी पडले नाही. बीदर सोडून तो आधी विजापुरास आणि मग अहमदनगरास गेला. तेथे मलिक हसनच्या नातवाच्या, बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयाने राहून त्याने देह ठेवला.