हजरत याकूब : डोळे गेले, आशा गेली नाही

ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही धर्मांत ज्यांच्याविषयी आदर आहे, अशा प्राचीन पुरुषांमध्ये हजरत याकूब यांची गणना होते. बायबलमधील जेकब तेच कुराणातील याकूब. हजरत इब्राहिम यांचे नातू, हजरत इसहाक यांचे पुत्र आणि हजरत यूसुफ यांचे पिता. इस्राएल हे त्यांचेच दुसरे नाव. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले ज्यू स्वतःला बेने इस्राएल, अर्थात इस्राएलची लेकरे म्हणवतात, तेही याच नावावरून.

नाव एक असले तरी दोन ग्रंथांतील व्यक्तिरेखांत मोठा फरक आहे. बायबलमधील जेकब चतुर आहे, प्रसंगी कपटीही. जुळ्या भावाच्या भुकेचा फायदा घेऊन डाळीच्या वाडग्याच्या बदल्यात तो ज्येष्ठत्वाचा हक्क पदरात पाडून घेतो. दृष्टी मंदावलेल्या पित्याला फसवण्यासाठी हातांना करडांचे कातडे गुंडाळून आशीर्वाद मिळवतो. पुढे मामाकडे राबताना त्याचीही फसवणूक होते आणि प्रिय राहेलसाठी त्याला सात वर्षांऐवजी चौदा वर्षे चाकरी करावी लागते.

कुराणात यातले काहीच नाही. तबरीसारख्या इतिहासकारांनी या कथा आपल्या ग्रंथांत नोंदवल्या. परंतु खुद्द कुराणाने याकूब यांच्या तारुण्यावर मौन पाळले आहे. इब्राहिम यांच्या वृद्ध पत्नीला देवदूतांनी पुत्राबरोबरच नातवाच्याही जन्माची शुभवार्ता दिली, असा त्यांचा उल्लेख येतो. त्यानंतर ते सविस्तर भेटतात ते थेट पिता म्हणून, ‘यूसुफ’ या 111 आयतींच्या बाराव्या अध्यायात.

अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे नतमस्तक झाल्याचे स्वप्न लहानग्या यूसुफने वडिलांना सांगितले. याकूब यांना त्याचा अर्थ उमगला आणि धोकाही. हे भावांच्या कानी घालू नकोस, अशी ताकीद त्यांनी मुलाला दिली. भावांचा मत्सर मात्र आधीच पेटला होता. यूसुफला खेळायला रानात नेण्याची परवानगी मागायला ते आले, तेव्हा तुमचे लक्ष नसताना त्याला लांडग्याने खाल्ले तर, अशी भीती याकूब यांनी बोलून दाखवली. कथेतील बोचरा भाग असा, की यूसुफला विहिरीत टाकून रात्री रडत परतलेल्या भावांनी नेमकी तीच सबब सांगितली. बापाच्या तोंडचा लांडगा त्यांनी बापालाच परत केला.

पुरावा म्हणून त्यांनी यूसुफचा रक्ताने माखलेला सदरा पुढे केला. बायबलमधील जेकब तो पाहून मुलाला श्वापदाने फाडून खाल्ले असे समजतो आणि शोकाने स्वतःची वस्त्रे फाडतो. कुराणातील याकूब यांचा मात्र या कहाणीवर क्षणभरही विश्वास बसत नाही. सदरा रक्ताने भिजला, पण कुठे फाटला नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही, असे भाष्यकार सांगतात. मुले खोटे बोलत आहेत हे त्यांना कळले होते. मुलगा कुठे आहे हे कळण्याचा मात्र मार्ग नव्हता. ज्यांनी घात केला तीही आपलीच लेकरे. तेव्हा त्यांनी ‘सब्र-ए-जमील’, म्हणजे सुंदर धीर पत्करला आणि ईश्वराची मदत मागितली.

ही ताटातूट किती काळ चालली याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. काही 18 वर्षे सांगतात, काही 40, तर काही 80. दरम्यान यूसुफ गुलाम म्हणून मिसरमध्ये विकले गेले, तुरुंगात गेले आणि अखेर तेथील धान्यकोठारांचे प्रमुख झाले. दुष्काळात धान्यासाठी आलेल्या भावांना त्यांनी ओळखले. भावांनी त्यांना ओळखले नाही. पुढच्या खेपेला धाकट्या भावाला आणा, नाहीतर धान्य मिळणार नाही, अशी अट यूसुफ यांनी घातली.

याकूब यांच्यापुढे पुन्हा तोच प्रसंग उभा राहिला. एका मुलाला याच हातांत सोपवून गमावले होते. या वेळी त्यांनी ईश्वराला साक्षी ठेवून मुलांकडून शपथ घेतली आणि शहरात एकाच दरवाजाने न शिरता वेगवेगळ्या दरवाजांनी जा, असे बजावले. देखण्या, धट्ट्याकट्ट्या मुलांना एकत्र पाहून नजर लागेल अशी बापाची काळजी त्यामागे होती, असे अनेक भाष्यकार मानतात. पैगंबरही शेवटी बापच. पण ही खबरदारी कामी आली नाही. चोरीच्या आळाखाली धाकटाही मिसरमध्ये अडकला आणि थोरला लाजेने तिथेच थांबला.

आता याकूब यांचा बांध फुटला. त्यांनी मुलांकडे पाठ फिरवली, यूसुफच्या नावाने आक्रोश केला आणि रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. किती काळ त्या यूसुफचा ध्यास घेणार, म्हणून मुले उलट त्यांनाच बोल लावू लागली. आपले दुःख आपण फक्त ईश्वरापुढे मांडतो, असे त्यांनी उत्तर दिले. आणि ज्या क्षणी सर्व आशा मावळायला हवी, त्याच क्षणी त्यांनी मुलांना आज्ञा केली की, जा आणि यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या. ईश्वराच्या कृपेविषयी निराश होऊ नका.

इतकी वर्षे रडणारा माणूस धीराचा आदर्श कसा, हा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. अश्रू ढाळणे हा अधीरपणा नव्हे. ईश्वराविरुद्ध तक्रार करणे हा अधीरपणा, असा निर्वाळा त्यांनी दिला. इस्लामच्या आरंभीच्या पिढीला हे पटलेले दिसते. मदिनेत हजरत आयेशा यांच्यावर किटाळ आले, तेव्हा आपली स्थिती यूसुफच्या पित्यासारखी आहे, असे त्या म्हणाल्या. मनस्तापाच्या त्या घडीला त्यांना याकूब हे नाव आठवेना, अशी आठवण हदीसमध्ये नोंदली आहे. इ.स. 634 ते 644 या काळात खलिफा असलेले हजरत उमर पहाटेच्या नमाजात याकूब यांचे दुःखाचे शब्द म्हणताना इतके गहिवरले, की शेवटच्या रांगेपर्यंत त्यांचे हुंदके ऐकू गेले.

कथेचा शेवटही एका सदऱ्यानेच होतो. ओळख पटल्यावर यूसुफ यांनी आपला सदरा भावांबरोबर पाठवला. काफिला मिसरमधून निघाला आणि इकडे दूर कनआनमध्ये याकूब यांना यूसुफचा गंध आला. भोवतालच्या मंडळींनी हा म्हाताऱ्याचा जुनाच भ्रम ठरवला. सदरा चेहऱ्यावर टाकताच त्यांची दृष्टी परतली. मुलांनी क्षमा मागितली. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू, असे त्यांनी सांगितले.

याकूब यांचे अखेरचे दिवस मिसरमध्ये गेले. मृत्युशय्येवर त्यांनी मुलांना मालमत्तेविषयी काही विचारले नाही. आपल्या मागे कोणाची उपासना कराल, एवढेच विचारले. परंपरेनुसार त्यांचा देह हेब्रॉन येथे नेऊन आजोबा आणि वडिलांशेजारी दफन करण्यात आला. मुस्लिम या शहराला अल-खलील म्हणतात. तेथील इब्राहिमी मशिदीत 1994 मध्ये एका ज्यू बंदूकधाऱ्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांची हत्या केली. त्यानंतर ही वास्तू दोन भागांत विभागली गेली. इसहाक यांचे स्मृतिस्थान मुस्लिमांच्या बाजूला, तर याकूब यांचे ज्यूंच्या बाजूला आले. वर्षातील काही ठरावीक दिवशीच संपूर्ण वास्तू मुस्लिमांसाठी खुली केली जाते आणि याकूब यांच्या स्मृतिस्थानापर्यंत त्यांना जाता येते.