नाझली बेगम : जंजिऱ्याची प्रवासी राणी

पुण्याहून पौडमार्गे मुळशीला जाणारा रस्ता तुम्हांला माहीत असेल. मुळशीच्या तलावाच्या काठाने हा रस्ता पुढे जातो. ताम्हिणी घाट उतरून तो कोकणात माणगावकडे पोहोचतो. तेथून पश्चिमेला समुद्राकडे गेले, की मुरूड हे गाव लागते. मुरूडजवळ भर समुद्रात जंजिरा किल्ला उभा आहे. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’ या शब्दावरून आला. जझीरा म्हणजे बेट. या बेटावर आणि आसपासच्या मुलखावर सिद्दी नवाबांचे राज्य होते. त्या राज्याच्या एका राणीची ही गोष्ट आहे. तिचे नाव नाझली बेगम.

नाझली बेगम यांचा जन्म १८७४ साली इस्तंबूल येथे झाला. तुम्ही विचाराल, कोकणच्या राणीचा जन्म इतक्या दूर कसा झाला? त्यांचे वडील हसनअली फैजहैदर हे मुंबईच्या तय्यबजी परिवारातील व्यापारी होते. व्यापारासाठी ते उस्मानी तुर्कांच्या राजधानीत राहत असत. नाझली यांच्या धाकट्या बहिणीचा, अतिया फैजी यांचा जन्मही तेथेच झाला. पुढे हे कुटुंब मुंबईला परतले. या परिवारात मुलींच्या शिक्षणाला मान होता. घरातल्या मुली वाचत आणि लिहीत. मुली शिकल्या तर घर शिकते, असे या परिवाराला वाटे.

१८८६ साली नाझली यांचा विवाह जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्याशी झाला. तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. त्या काळी मुलींची लग्ने लहान वयातच होत. नवाबांनी नुकताच मुरूडला समुद्राकाठी उंचावर एक देखणा राजवाडा बांधला होता. घुमट, टोकदार कमानी आणि समोर अथांग समुद्र! तेथे आलेली ही मुलगी पुढे चांगली जाणती राणी झाली. उर्दू लिहिण्याची आवड मात्र त्यांनी सोडली नाही.

१९०६ साली अतिया फैजी शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तेथील रोजचे अनुभव त्या लिहून पाठवत. ते लेख लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापले जात. दोनच वर्षांनी, १९०८ साली, नाझली बेगमही प्रवासाला निघाल्या. नवाबसाहेब आणि अतिया त्यांच्याबरोबर होते. युरोपातील शहरे पाहत पाहत ही मंडळी इस्तंबूललाही गेली. जेथे जन्म झाला, त्या शहरात नाझली बेगम आता राणी म्हणून आल्या होत्या.

इस्तंबूलचे राजवाडे जगात प्रसिद्ध आहेत. तुम्ही उर्दू शिकता, म्हणून त्यांची नावे तुम्हांला परकी वाटणार नाहीत. राजवाड्याला तुर्की भाषेत ‘सराय’ म्हणतात. आपल्याकडे सराय म्हणजे प्रवाशांनी उतरण्याची जागा. तेथे मात्र ते सुलतानाचे घर! सर्वांत जुना मोठा वाडा ‘तोपकापी’. तोप म्हणजे तोफ आणि कापी म्हणजे दरवाजा. दुसरा ‘दोल्माबाहचे’. दोल्मा म्हणजे भरलेले आणि बाहचे म्हणजे बाग. समुद्राची खाडी भरून तेथे बाग केली होती, म्हणून हे नाव पडले. तिसरा ‘यिल्दिझ’, म्हणजे तारा. १९०८ साली सुलतान दुसरे अब्दुल हमीद या यिल्दिझ वाड्यात राहत होते.

आता आपणही जरा मनाने तेथे जाऊ या. सुलतान मुहम्मद फातेह यांनी १४५३ साली हे शहर जिंकले आणि काही वर्षांनी तोपकापीचे काम सुरू केले. हा वाडा म्हणजे एकच मोठी इमारत नाही. एकामागून एक चार चौक आहेत. पहिल्या चौकात बरीच माणसे येऊ शकत. दुसऱ्या चौकात राज्याचा कारभार चाले. पुढच्या चौकात निवडक माणसांनाच प्रवेश मिळे. जसजसे आत जावे, तसतशी शांतता वाढत जाई. भिंतींवर निळ्या-हिरव्या रंगांच्या फरशा आहेत. त्यांवर फुलापानांची नक्षी आहे. मुदपाकखान्याची उंच धुराडी लांबूनही दिसतात. तेथे रोज हजारो माणसांचे जेवण शिजत असे.

दोल्माबाहचेचा थाट अगदी निराळा आहे. सुलतान अब्दुल मजीद यांनी तो १८४३ ते १८५६ या काळात बांधून घेतला. बाल्यान घराण्यातील आर्मेनियन वास्तुकारांनी त्याची रचना केली. बोस्फरसच्या पाण्याकाठी हा वाडा सुमारे सहाशे मीटर लांब पसरला आहे. त्यात २८५ खोल्या आहेत. मोठ्या दरबार-महालात साडेचार टन वजनाचे झुंबर टांगलेले आहे. त्याला ७५० दिवे आहेत! बाहेरून हा वाडा युरोपातील महालासारखा दिसतो. आतली मांडणी मात्र तुर्की घराची आहे. पुरुषांच्या भागाला ‘सेलामलिक’ म्हणतात. त्यात तुमच्या ओळखीचा ‘सलाम’ हा शब्द दडलेला आहे. दुसरा भाग स्त्रियांचा, म्हणजे हरम. या बांधकामाचा खर्च राज्याला फार जड गेला. पुढे कर्ज वाढत गेले आणि १८७५ साली सरकारला ते फेडता येईना.

नाझली बेगम यांच्या आधी, १८९२ साली, मौलाना शिबली नोमानी इस्तंबूलला गेले होते. त्यांनी त्या प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिले. पण पुरुष प्रवाशाला हरमच्या दारातूनच परतावे लागे. पडद्याआडची घरे कशी आहेत, तेथील स्त्रिया कशा राहतात, हे एखादी स्त्रीच पाहू शकत होती. म्हणून स्त्रीने लिहिलेल्या प्रवासवर्णनाचे मोल वेगळे आहे. नाझली बेगम यांनी आपला प्रवास रोजनिशीच्या रूपात लिहिला. ‘सैर-ए-यूरोप’ या नावाने तो लाहोरला छापला गेला. त्या काळी आपल्या देशातील पुष्कळ स्त्रिया घराबाहेर पडत नसत. त्यांना जहाज माहीत नव्हते, परदेश माहीत नव्हता. अशा स्त्रियांच्या हाती हे पुस्तक पडले, म्हणजे घरबसल्या त्यांना जगाचे दार उघडे झाले.

यानंतर नाझली बेगम यांच्यावर कठीण प्रसंग आला. त्यांना मूल नव्हते आणि राज्याला वारस हवा होता. १९१३ साली नवाबांनी त्यांना तलाक दिला. मुरूडचा राजवाडा सुटला. सत्तावीस वर्षांचे राणीपद संपले. तुम्हीच विचार करा, त्यांच्या मनाला किती दुःख झाले असेल! त्यानंतर त्या मुंबईत अतिया यांच्याजवळ राहिल्या. देशाची फाळणी झाल्यावर दोघी बहिणी कराचीला गेल्या. तेथे १९६७ साली अतिया यांचे आणि १९६८ साली नाझली बेगम यांचे निधन झाले.

त्यांनी पाहिलेल्या जगाचेही असेच झाले. १९०९ साली सुलतान अब्दुल हमीद यांना गादीवरून दूर करण्यात आले. १९२४ साली उस्मानी घराण्याला देश सोडावा लागला आणि त्याच वर्षी तोपकापीचे संग्रहालय झाले. दोल्माबाहचे वाड्यात १९३८ साली तुर्कस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल अतातुर्क यांचे निधन झाले. आता तोही वाडा संग्रहालय आहे. जेथे वजिरांनाही परवानगी लागे, तेथे आज तिकीट काढून कोणीही जातो. इकडे जंजिऱ्याचे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले.

मुलांनो, राजवाडे दगडाचे असतात, तरी त्यांचे मालक बदलतात. नाझली बेगम यांच्या हातून वाडा गेला, राज्य गेले. पण त्यांनी डोळे उघडे ठेवून जे पाहिले आणि आपल्या भाषेत लिहून ठेवले, ते त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ शकले नाही. त्यांचे पुस्तक आजही अभ्यासक वाचतात. तुम्हीही कधी एखादा किल्ला, मशीद, मंदिर किंवा जुना वाडा पाहायला जाल. तेव्हा नुसते फिरून परत येऊ नका. दरवाजा कोणत्या दिशेला आहे, पाणी कोठून येते, दगड कोठला आहे, तेथे कोण राहत होते, हे नीट पाहा, विचारा आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा. जे तेथे जाऊ शकले नाहीत, त्यांना ते वाचून दाखवा.