फिजिओथेरपिस्ट कसा निवडावा? रूझवेल्ट यांच्या आजारपणाची गोष्ट

पक्षाघातातून सावरणारे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेले रुग्ण घरी जाताना एक प्रश्न हमखास विचारतात: डॉक्टर, व्यायाम कोणाकडे करू? आमच्या ओळखीचा एक मालिशवाला आहे, त्याला बोलावले तर चालेल का? अशा वेळी मला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. चार वेळा निवडून आलेला हा माणूस वयाच्या ३९व्या वर्षानंतर आधाराशिवाय कधीच चालू शकला नाही. पैसा, ओळखी, जिद्द हे सगळे त्यांच्याकडे होते. तरीही योग्य हातांत पडायला त्यांना वेळ लागला.

ऑगस्ट १९२१. रूझवेल्ट कुटुंब कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीला गेले होते. १० तारखेला त्यांनी मुलांबरोबर बोट चालवली, जंगलातली आग विझवायला हातभार लावला, थंड पाण्यात पोहले आणि संध्याकाळी हुडहुडी भरली म्हणून झोपले. दुसऱ्या दिवशी एक पाय ओढत चालावे लागले. त्यानंतर लवकरच दोन्ही पाय लुळे पडले. स्थानिक डॉक्टरांना ही जोरदार सर्दी वाटली. मग जवळच सुट्टीवर आलेले नामवंत सर्जन डॉ. विल्यम कीन यांना बोलावले. ते तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्यांनी मज्जारज्जूत रक्ताची गुठळी असल्याचे निदान केले आणि पायांना जोरात मालिश करायला सांगितले.

पत्नी एलिनॉर आणि स्नेही लुई हाऊ यांनी मनोभावे पाय चोळले. रूझवेल्ट यांना पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होत होता. २५ ऑगस्टला बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट आले, त्यांनी पोलिओचे निदान केले आणि मालिश ताबडतोब थांबवले. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्या तीव्र काळात स्नायू दुखरे असतात, त्यांना विश्रांती हवी असते. (तो पोलिओ नसून गिया-बारे सिंड्रोम असावा, असा तर्क काही संशोधकांनी २००३ मध्ये मांडला. वाद अजून मिटलेला नाही.) त्या मालिशने नेमके किती नुकसान झाले, हे कोणी सांगू शकणार नाही. वेदना मात्र नक्की वाढल्या.

म्हणून मालिशवाल्याच्या प्रश्नावर माझे पहिले उत्तर असते: आधी निदान. पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर ती शिरेतली गुठळी असू शकते आणि ती चोळणे जिवावर बेतू शकते. चांगला फिजिओथेरपिस्ट तुमचे कागद मागतो, तपासतो आणि शंका आली तर हात न लावता परत डॉक्टरांकडे पाठवतो. आपल्याकडे नोंदणीसाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

मोजमाप करणारे हात

न्यूयॉर्कच्या रुग्णालयातून रूझवेल्ट ऑक्टोबरमध्ये घरी आले. डिसेंबरपासून कॅथलीन लेक या प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट त्यांच्याकडे येऊ लागल्या. प्रगतीचे कागद त्या लोव्हेट यांना पाठवत. १९२२च्या सुरुवातीला गुडघ्यामागचे स्नायू आखडले, पाय वाकू लागले. तेव्हा पायांना प्लास्टर घालून, गुडघ्यामागे पाचर रोज थोडी पुढे सरकवत ते सरळ करावे लागले. हे फार वेदनादायक होते.

लोव्हेट यांच्याकडे विल्हेल्मिन राइट नावाच्या सहकारी होत्या. एकेक स्नायू वेगळा तपासून त्याची ताकद नोंदवायची पद्धत या दोघांनी घडवली. आज आपला फिजिओथेरपिस्ट शून्य ते पाच असे गुण कागदावर लिहितो, त्या पद्धतीचे मूळ तिथे आहे. पहिल्या भेटीत काहीही न मोजता थेट मशीन लावणाऱ्यापेक्षा, वही काढून सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद लिहिणारा मला केव्हाही अधिक विश्वासाचा वाटतो. महिन्याने सुधारणा झाली की नाही, हे दुसरे कशावरून कळणार?

रूझवेल्ट यांना मात्र आकड्यांपेक्षा चालायची घाई होती. अतिनील किरण, विजेचा प्रवाह, नवनवी उपकरणे, त्यांनी बरेच काही करून पाहिले. १९२५ आणि १९२६ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील डॉ. विल्यम मॅकडोनाल्ड यांच्याकडे जोरकस व्यायामही केले. तिथे प्रगती वाटली, पण कॅलिपर सुटले नाहीत. पूर्ण बरे करून देतो असे ऐकायला प्रत्येकालाच आवडते, त्यात त्यांना तरी दोष कसा द्यावा?

वॉर्म स्प्रिंग्ज

ऑक्टोबर १९२४ मध्ये ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज या खेड्यात गेले. तिथल्या झऱ्याचे पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस. पाण्यात शरीराचा भार कमी होतो, त्यामुळे जमिनीवर न हलणारा पाय तिथे हलतो. पाणी काही औषधी नाही, तो तरंगण्याचा फायदा आहे. पुढच्या वर्षी बातमी वाचून इतर रुग्णही आले आणि रूझवेल्ट स्वतःच त्यांना व्यायाम शिकवू लागले! डॉक्टर म्हणून मला हे वाचताना धसका बसतो. पण हे आपले काम नव्हे, हे त्यांनाही उमगले असावे. १९२६ मध्ये त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घालून ती जागा विकत घेतली आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. लीरॉय हबर्ड व फिजिओथेरपिस्ट हेलेना महोनी यांना तिथे आणले. २३ रुग्णांच्या स्नायूंच्या नोंदी सुरुवातीला आणि शेवटी घेतल्या गेल्या. १९२७ मध्ये त्याची सेवाभावी संस्था झाली. ती कृष्णवर्णीयांना मात्र बंद होती.

महोनी यांच्या पद्धतीत मला आवडते ते हे की हाती उरलेल्या ताकदीतून काय जमेल, यावर त्यांचा भर होता. पायांत दम नव्हता, पण खांदे आणि कंबरेवरचे शरीर बळकट होते. गुडघे कॅलिपरमध्ये कुलूपबंद, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या दंडावर, आणि कंबरेतून झोका देत पाऊल पुढे. हे आठवडेच्या आठवडे घोटून घेतले गेले. जून १९२८ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात रूझवेल्ट मुलगा एलियटच्या आधाराने व्यासपीठावर पोहोचले. चार वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये ते कुबड्यांवर दिसले होते.

त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. त्यांना अजून व्यायामासाठी वेळ हवा होता, तरी ते उभे राहिले आणि जिंकले. पायांत त्यानंतर फारशी सुधारणा झाली नाही. १९३३ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये त्यांच्यासाठी पोहण्याचा तलाव बांधला गेला. वॉर्म स्प्रिंग्जला ते जात राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने, तिथल्याच छोट्या घरात त्यांचे निधन झाले.