बेळगुंदीची सून, बर्लिनची पटकथाकार

आपल्या बेळगुंदीचे अयी तेंडुलकर शिकायला युरोपात गेले आणि पुढे बर्लिनमध्ये त्यांनी थेआ फॉन हार्बू यांच्याशी गुपचूप लग्न केले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. या बाईंचे काम मात्र आपल्याकडे फारसे पाहिले गेले नाही.

त्यांचा जन्म १८८८ चा, बव्हेरियातला. पहिल्या लग्नानंतरच्या, म्हणजे दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्याशी झालेल्या दुसऱ्या संसारात त्यांनी 'मेट्रोपोलिस' लिहिला. हा मूकपट १९२७ साली आला. त्यात जमिनीखाली राबणारे कामगार एका यंत्रस्त्रीच्या चिथावणीने यंत्रे फोडतात. वस्तीत पाणी शिरते आणि मुले तिथेच राहिल्याचे आईबापांना फार उशिरा आठवते. मग तोच जमाव तिला जाळायला धावतो.

१९३१ च्या 'एम' या बोलपटात यंत्रे नाहीत, साधे शहर आहे. पण धोक्यातली मुले, भेदरलेल्या आया आणि स्वतःच न्याय करायला निघालेला जमाव पुन्हा दिसतो. विज्ञानकथेत पेरलेले इथे उगवले, असे आम्हाला वाटते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी लांग यांच्याशी घटस्फोट झाला. लांग देश सोडून गेले. हार्बू राहिल्या, आणि नाझी राजवटीतही चित्रपट लिहीत राहिल्या. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना त्यांनी मदत केली, हेही खरे. १९५४ साली त्या बर्लिनमध्येच वारल्या.

चिथावलेल्या जमावाची गोष्ट ज्यांनी इतकी आधी सांगितली, त्यांनी स्वतःच्या देशातल्या जमावाकडे पाठ फिरवली नाही. सून आपली म्हणून आम्ही हे झाकत नाही. 'मेट्रोपोलिस' जरूर पाहावा, आणि पाहताना हेही आठवावे.